जागेच्या रकान्यातलं शून्य

"जागा फुकट मिळाली, तर बाग कराल का?"

भर सभेत हे विचारून दाखव, अशी पैज महालक्ष्मी आणि हरिप्रिया या मैत्रिणींनी लावली होती. अखिलानं उभं राहून खणखणीत विचारलं. मागं दोघी तोंडात ओढणी कोंबून बसल्या.

वसाहतीचे अध्यक्ष गुरुराजराव चष्म्यावरून बघत राहिले. सगळ्यांसाठी एक बाग करायचा बेत गेल्या वर्षी जागेच्या भाड्यावरच बुडाला होता. आज पुन्हा बुडाला, तर शिल्लक पैशांतून स्कूटरींसाठी पत्र्याची शेड होणार होती.

"तंजावुरात फुकट जागा?" खजिनदार रघुरामराव हसले. ते अखिलाचे अप्पा. पण सभेत ते कुणाचेच अप्पा नसत. "कुठं गे?"

"मागच्या लेआउटात. साडेचार सेंट, दोन हजार चौरस फुटांना थोडी कमी."

"तिथं चाळीस प्लॉट ओस पडलेत. यातला धर्मात्मा कोण?"

"आधी अंदाजपत्रक मंजूर करा, मग नाव. आताच फुटलं तर घरचे मोडता घालतील."

तिनं कागद पुढं सरकवला. दोन रविवार मैत्रिणींना घेऊन ती नर्सरी, वीटभट्टी, झावळ्या विणणाऱ्या बायका, सगळीकडे भाव विचारत हिंडली होती. तांबडी माती सहा ट्रॅक्टर, शेणखत दोन. जागेच्या रकान्यात शून्य.

अप्पांनी लाल पेन काढलं.

"वाफ्यांना नव्या विटा कशाला? देवळामागं फुटकी कौलं पडलीत, ती लावा." काट मारली.

"कुंपण कापू नका," अखिला म्हणाली. "बकऱ्यांनी वांगी खाल्ली, तर सांबारात काय पेन घालणार?"

सभा हसली. कुंपण वाचलं.

"काटेरी बाभळी उपटायला बावीसशे?" अप्पा वैतागले. "मालकाला लाज नाही. रान माजवून ठेवलंय."

"कामात असतात ते."

"आणि पाणी?"

"चाळीस फुटांवर गोडं पाणी आहे. मालकच येता-जाता सांगत असतात."

"काही म्हण रघुराम," गुरुराजराव म्हणाले, "मन मोठं आहे माणसाचं."

"ते खरं." अप्पा विरघळले. शेवटच्या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: मालकाला हार आणि शाल, सहाशे. मग बेरीज दोनदा तपासली आणि सही केली.

अखिलानं श्वास सोडला. अप्पांची सही म्हणजे दगडावरची रेघ. एकदा चुकीच्या वर्गणीवर त्यांची सही झाली, तेव्हा फरक त्यांनी खिशातून भरला होता. सही खोडली नव्हती.

दुपारी अखिलाची आई जयलक्ष्मी रसम वाढत होती. अप्पा अजून त्याच तंद्रीत होते.

"ऐकलंस का, अशी माणसं आहेत अजून जगात. अखिला, त्यांचं संमतीपत्र उद्या आण गे. शाल मी स्वतः घालणार त्यांना."

"उद्या कशाला?" अखिला उठली, हात धुऊन आली आणि घडी केलेला कागद अप्पांच्या ताटाशेजारी ठेवला. वर पेनही ठेवलं, लाल.

"अप्पा, आई, माझं ठरलंय. माझ्या लग्नासाठी तुम्ही घेऊन ठेवलेला प्लॉट बागेला द्यायचा. इथं सही करा."