उजव्या चाकाचं सील

डावं.

खडवलीच्या नदीकाठी ट्रक थांबला तसा सहदेव मिस्त्री उडी मारून उतरला आणि पुढच्या डाव्या चाकामागे वाकला. तिथे एक्सलच्या टोकाला माणसाच्या डोक्याएवढा लोखंडी गोळा. गोळ्याभोवती सील. आतलं तेल त्यानं आत ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

गोळ्याखाली तेलाचा थेंब लोंबत होता. पडला. दुसरा धरला.

हे सील त्याचं. म्हशीच्या कातड्यातून स्वतः कापलेलं, या महिन्यातलं तिसरं. ट्रक लष्कराच्या लिलावातला. युद्ध संपून सहा वर्षं झाली, अस्सल सीलं कुठेच मिळत नव्हती.

पोपट, म्हणजे ट्रकचा मालक आणि ड्रायव्हरही तोच, रेडिएटरसाठी पाणी आणायला डबा घेऊन नदीकडे निघाला होता.

"नीट बघ रे मिस्त्री. परवा कांदे भरून कसारा घाट उतरायचाय. ब्रेकवर तेल आलं तर कांदे आधी पोचतील, मग मी." थोडं पुढे जाऊन तो वळला. "दोन्ही चाकांची सीलं गळली तर राग मानू नको. गाडी कोपरीच्या मिस्त्रीकडे जाणार."

उजवं.

सहदेव लगेच तिकडे गेला नाही. बिडी काढली, तोंडात धरली, पेटवली नाही.

उजवं सील त्याच्या बायकोचं. सगुणाचं. परवा ती भाकरी घेऊन आली, त्याच्या शिव्या ऐकल्या, आणि गोळ्याभोवती दोरा फिरवून माप घेऊन गेली. पोलक्याच्या गळ्याचं घेतात तसं. काल घेऊन आली: जुन्या घोंगडीचे चार पदर, गोधडीच्या टाक्यांनी दाट शिवलेले, एरंडेलात मुरवलेले. सहदेव हसला. पोपट हसला नाही. "एका बाजूला वहिनींचं लाव. बघू तर," म्हणाला. आणि मग, ते बोटांत फिरवत: "काय हात आहे!"

सहदेवच्या हाताबद्दल बारा वर्षांच्या मिस्त्रीकामात कोणी असं म्हटलं नव्हतं.

तो वाकला.

गोळा कोरडा होता. वाटेची पांढरी धूळ त्यावर जशीच्या तशी. त्यानं बोट फिरवलं. धूळ. सीलच्या खालून फिरवलं. धूळच.

एक टिकलं म्हणजे तसंच दुसरं करता येईल. गाडी कोपरीला जाणार नाही. पोपट घाट नीट उतरेल. हे सगळं त्याला एका क्षणात कळलं.

काय हात आहे.

त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं. डाव्या चाकापाशी गेला, गोळा पुसला, पुन्हा पुसला, फडकं जड होईपर्यंत. मग उजव्या चाकापाशी आला आणि ते गोळ्याच्या माथ्यावर पिळलं.

पोपट डबा घेऊन वर आला. आधी इकडे वाकला, मग तिकडे.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"वहिनींचं पण?"

"घोंगडी ती. किती धरणार?" सहदेवनं बिडी पेटवली.

परतीच्या वाटेवर टिटवाळ्याला पोपटनं गिअर बदलला. मग म्हणाला, "म्हणजे उद्या कोपरी."

"जा," सहदेव म्हणाला.

कल्याणला गॅरेजच्या पत्र्याखाली सगुणा उभी होती. हातात भाकरीचं फडकं. पोपटनं उतरता उतरताच सांगून टाकलं, "वहिनी, तुमचंही गळलं हो."

"असं?"

ती उजव्या चाकामागे वाकली. गोळ्याच्या माथ्यावरून काळे ओघळ निघाले होते आणि अर्ध्यावर धुळीत जिरले होते. तिनं सीलच्या खालून बोट फिरवलं. बोट पांढरं निघालं. तिनं ते पदराला पुसलं आणि नवऱ्याच्या खांद्यावरच्या, तेलानं भिजलेल्या फडक्याकडे पाहिलं. बराच वेळ.

सहदेव हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधत राहिला.

"गळलं खरं," ती पोपटला म्हणाली.

मग भाकरीचं फडकं सोडलं. भाकरीवर दुसरं सील होतं, केळीच्या पानात गुंडाळलेलं. चार पदर, तेच टाके. तिनं ते सहदेवच्या हातात ठेवलं.

"अहो, हे डाव्याला घाला."

"आणि उजव्याला?" पोपटनं विचारलं.

"उजवं उघडू नका. गळतंय तसं गळू दे."

पोपटनं तिच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. "काय वहिनी! गळतं चाक घेऊन घाट उतरू?"

"उतरा की. हे बसतील तुमच्या शेजारी." ती नवऱ्याकडे वळली. "बसाल ना?"

सहदेवनं जॅक उचलला आणि डाव्या बाजूला गेला.