घरची भाषा

"शनिवारपर्यंत एका तरी मुलाच्या घरची भाषा शोधा. पाच शब्द शिका आणि वर्गात बोलून बघा," प्रशिक्षक शंकरराव म्हणाले आणि फळा पुसायला वळले.

अंबरनाथच्या त्या हॉलमधल्या शिक्षकांनी पिशव्या आवरायला घेतल्या. किर्ती मात्र बसून राहिली. तिच्या डोक्यात रिद्धी घोळत होती.

किर्ती बदलापूरच्या एका शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायची. रिद्धी जूनमध्ये आली. ऑगस्ट संपत आला तरी पोरीच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. सांगितलेलं सगळं कळायचं तिला. मागून हाक मारली तरी चटकन वळायची. बोलायची वेळ आली की मात्र नुसती टकमक बघायची. आणि सारखी चुळबुळ. "रिद्धी, हाताची घडी!" किर्तीला दिवसातून दहादा ओरडावं लागे.

मुख्याध्यापिका नीलिमाबाईंनी त्या सकाळीच बजावलं होतं, "या आठवड्यात बोलली नाही, तर विशेष शाळेत पाठवायचं पत्र मी सोमवारी लिहिणार."

प्रवेशाच्या फॉर्मवर मातृभाषेचा रकाना कोरा होता. नाव घालायला शेजारीण आली होती. पत्ता, आणि वडील एमआयडीसीत कामाला, एवढीच माहिती. "बाहेरची माणसं असणार," क्लार्क म्हणाला होता.

किर्तीला चैन पडेना. संध्याकाळी ती उल्हासनगरला गेली आणि ओळखीच्या कापडवाल्याकडून सिंधी वाक्य लिहून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी रिद्धीसमोर वाकून तिने सिंधीत तिचं नाव विचारलं, "तुंहिंजो नालो छा आहे?"

पोरं खिदळली. रिद्धीची बोटं तेवढी चुळबुळत राहिली.

बुधवारी भोजपुरी झाली. गुरुवारी कन्नड. रात्री किर्तीचा डोळा लागेना. शुक्रवारी गुजराती चालू असताना रिद्धीची बोटं पुन्हा वळवळायला लागली. किर्तीने ती आपल्या हातांत घट्ट धरली.

"इकडे लक्ष दे ना गं, राणी."

रिद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं. किर्तीच्याही.

शाळा सुटल्यावर तिने रिक्षा केली आणि फॉर्मवरचा पत्ता विचारत सोनिवली गाठली. चाळीतल्या शेवटच्या खोलीचं दार उघडंच होतं. तिने कडी वाजवली. हाक मारली. कुणी हललं नाही.

आत आईवडिलांच्या मधे रिद्धी बसली होती. हाकेचंही भान नव्हतं तिला; तिचे हात हवेत भराभर फिरत होते. आई तोंडाला पदर लावून हसली, बोटांनी काही विचारलं. वडिलांनी मधेच उत्तर दिलं. रिद्धीने मान हलवून त्यांना खोडून काढलं आणि पुन्हा सुरू झाली.

"त्यांना ऐकू येत नाय, मॅडम. दोघांना पण," शेजारच्या सगुणाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "जन्मापासून. बोलता पण येत नाय. पण ही पोरगी! शाळेतून आली की जेवेपर्यंत थांबत नाय, नुसती गप्पा हाणते त्यांच्याशी. आमच्याशी बोलताना पण आधी हात हलतात, मग तोंड."

रिद्धीने दाराकडे पाहिलं आणि ती ताडकन उठली. बाई आल्याचं तिने आईला खुणेने सांगितलं. आईने किर्तीला वाकून नमस्कार केला. मग तिचे हात सावकाश, अदबीने हलले.

रिद्धी ते पाहत राहिली. मग किर्तीकडे वळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाई, आई विचारते, तुम्ही मला शाळेत बोलू का देत नाही?"