कणभर गारगोटी

नॉर्वेतल्या लार्विक गावच्या भूवैज्ञानिक तुरीदबाईंच्या पत्राला ओडवारने बारा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, “तुम्ही रासायनिक आकड्यांवरून आमच्या लार्विकच्या दगडातली खनिजं मांडलीत, त्यात गारगोटी निघाली. मला सूक्ष्मदर्शकाखाली कणभरही दिसत नाही. चूक कोणाची?” आपलीच असणार, म्हणून तो लाजेने गप्प बसला होता. आज जुना तक्ता चाळताना त्याला दिसलं, प्रयोगशाळेने सगळंच लोखंड गंजलेलं धरलं होतं. गंजलेलं लोखंड सिलिका घेत नाही, त्यामुळे लोखंडाच्या वाट्याचं सिलिका, म्हणजे गारगोटीचा मूळ घटक, उरत होतं आणि कागदावर त्याची गारगोटी होत होती. त्याने लोखंडाची गंजलेलं आणि न गंजलेलं अशी नीट विभागणी करून गणित पुन्हा मांडलं. गारगोटी शून्य. तो एकटाच हसायला लागला. “काय झालं रे?” बायकोने विचारलं. “तुरीदबाईंचे डोळे बरोबर होते, माझी रीतही.” “मग कळव त्यांना. की अजून बारा वर्षं तपासणार?” त्याने उत्तर लिहिलं आणि दुसऱ्यांदा न वाचताच टपालपेटीत टाकलं.