अध्यक्षांचे गाल

"चोर आहे हो हा! डिझेल बाहेर विकतो आणि टाकीत रॉकेल ओततो. बिल्कुल शंकाच नको," भाऊसाहेब म्हणाले. आणि 'हा' म्हणजे जनरेटर ऑपरेटर शहाजी तिथंच समोर उभा होता.

मीनाक्षीनं मान वर केली नाही. जनरेटर दुरुस्त करायला ती फरीदाबादहून आली होती. गुरुग्रामच्या सोसायट्यांचे असले अध्यक्ष तिला पायलीचे पन्नास भेटत. हे भाऊसाहेब सरकारी खात्यातून रिटायर होऊन आता टॉवरवर राज्य करत होते. जनरेटर काळा धूर ओकतो, लोड घेत नाही, लिफ्ट मध्येच अडकते. म्हणजे ऑपरेटर चोर. काय पण अक्कल!

शहाजी फौजेतला माजी हवालदार, कराडकडचा. त्याच संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्याला काढायचं ठरलं होतं. नोकरीबरोबर पाण्याच्या पंपाशेजारची राहायची खोलीही जाणार होती. पण त्याच्या जिवाला लागलं होतं ते चोर म्हणवून घेणं.

मीनाक्षीनं बॅगेतून मॅनोमीटर काढला. वाकवलेली पारदर्शक नळी आणि तिच्यात लाल पाणी.

"अच्छा, ब्लड टेस्ट वाटतं!" भाऊसाहेब स्वतःच्याच विनोदावर हसले.

"इंजिनाला श्वास घेताना किती जोर लागतो, ते ह्या पाण्यात दिसतं," ती म्हणाली. पुढचं समजावून सांगायच्या भानगडीत ती पडली नाही.

एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाला तिनं नळी जोडली. इंजिन सुरू झालं आणि पाणी एका बाजूनं चढतच गेलं. तिनं नवा फिल्टर बसवला, तरी पाणी तिथंच. मग बाहेरच्या भिंतीतून फिल्टरकडे हवा आणणारा पत्र्याचा डक्ट तिनं सोडवला. पाणी झरकन खाली आलं आणि धूरही विरला.

"डिझेल चोख आहे. हवेची वाट बंद आहे."

"पण रॉकेल..."

"रॉकेल असतं तर डक्ट काढून धूर थांबला असता का?"

डक्ट बाहेर कुठं उघडतो ते बघायला ती भिंतीला वळसा घालून गेली. दोघे मागोमाग. हवेच्या जाळीवर भलामोठा फ्लेक्स होता. जाकीट घातलेले, हात जोडलेले भाऊसाहेब. 'निर्विरोध अध्यक्ष चुने जाने पर हार्दिक बधाई.' खाली 'समस्त निवासी'. छापायला कुणी दिला असेल, हे मीनाक्षीला विचारावं लागलं नाही.

"जाळीवर कुणी लावला हा?"

"मीच लावला, मॅडम," शहाजी म्हणाला. "गेटातून सरळ दिसतो, म्हणून साहेबांनी इथं सांगितला. पण इंजिन चालू झालं की आत ओढला जायचा. साहेबांचे गाल बसायचे. मग साहेब म्हणाले, मागं प्लायवूड ठोक."

"आणि धूर कधीपासून?"

शहाजीनं बोटांवर दिवस मोजले. "त्याच दिवसापासून की हो!"

ह्याचाही तिला संताप आला. सांगितलं की ठोकायचं! तिनं पाना पुढे केला. "काढा आधी ते."

फ्लेक्स उतरला, प्लायवूड निघालं. डक्ट पुन्हा जोडून इंजिन पूर्ण लोडवर चालवलं. लाल पाणी जेमतेम हललं. तिघं बाहेर आले, तर धुराड्यावर काळं काही दिसेना.

"शहाजींना काही म्हणायचंय का तुम्हाला?" मीनाक्षीनं विचारलं.

"म्हणायचंय ना!" भाऊसाहेब दचकून पुढे झाले. "अहो, जपून! माझ्या चेहऱ्यावर पाय पडतोय!"

मीनाक्षीनं तोंड फिरवलं. असल्या माणसावर थुंकी तरी कशाला वाया घालवायची?

शहाजीनं पाय काढला. फ्लेक्स उचलला, झटकला आणि आत नेला. इंजिनाखाली जिथं काळं ऑइल ठिबकायचं, तिथं चेहरा वर करून पसरला. बराकीतल्या चादरीसारखे चारी कोपरे ताणले. मग टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

"आता गाल बसायचे नाहीत, साहेब."