मनाला येईल ते

फुंकून वाजणारं एकही वाद्य संयोगिताबाईंनी सोडलं नव्हतं, आणि वीस वर्षं त्या जॅझ, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं वाजवायचं संगीत, शिकवत होत्या. कराडच्या शिबिरात मात्र मिलिटरी बँडमधून रिटायर झालेल्या सुभेदार मानसिंगांनी त्यांना घाम फोडला. समोर सूर लिहिलेला कागद नसला, तर गडी क्लॅरिनेटला ओठ लावेना.

"सुभेदार, आज कागद नाही. मनाला येईल ते वाजवा," शेवटच्या दिवशी बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या.

मानसिंगांनी वाजवलं. मध्येच थांबून दोनदा खोकले, पण सूर असे उधळले की बाई खुर्चीवरून उठल्याच.

"याला म्हणतात जॅझ. मला हे जन्मात सुचलं नसतं."


मानसिंग सावधान उभे राहिले. "मंगळवारी तुमीच वाजवलं हुतं, मॅडम. खोकल्यासकट."