सोजराबाईचं मत

पेढ्यांची टोपली घेऊन मालक उकंडराव स्वतः वावरात आले, तेव्हा बायांनी गव्हाची अर्धी पट्टी सोंगून काढली होती.

"या इकडे साऱ्या. तोंड गोड करा. मी नागपूरच्या कायदेमंडळात चाललो. तुमचा रंगराव मास्तर पडला."

विळे थांबले. टोपलीकडे कोणी गेलं नाही.

"वडनेरच्या सभेले दोन हजार मानूस होतं म्हने," उकंडराव हसले. "मजुरी वाढवू म्हने, वेठ बंद करू म्हने! तुम्हीबी टाळ्या पिटल्या. साऱ्या तालुक्यात त्याले तेवढी मतं नाई पडली."

ते खरंच होतं. सभेला आलेल्या बहुतेकांना मतच नव्हतं. सदतीस सालच्या त्या निवडणुकीत मत होतं ते शेतसारा भरणाऱ्यांना आणि मोजक्या शिकलेल्यांना. तरी या बायांतली सोजराबाई धुतलेलं लुगडं नेसून शाळेत मत द्यायला गेली होती. कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं. "तुह्यं नाव नाई, बाई. घरी जा." ती दुपारपर्यंत रांगेतून हलली नव्हती.

"पेढा घे वं, सोजरे." उकंडरावांनी टोपली तिच्यापुढं धरली.

"नाई खात."

उकंडरावांचा आवाज चढला. "जे पेढा नाई खाईन, तिनं उद्यापासून माह्या वावरात पाय ठेवू नये."

"उद्यापासून काऊन? आजच चालली मी."

सोजराबाईनं विळा कमरेला खोचला आणि वाट धरली. मागून सुभद्राबाई निघाली. मग एकेक करत उरलेल्या साऱ्या जणी.

गहू पार वाळला होता. वाऱ्याची झुळूक आली की ओंब्यांतून दाणे गळत होते. दुसऱ्या बाया आणाव्या, तर त्याही त्याच सभेला गेलेल्या. उकंडरावांनी टोपली खाली ठेवली.

"थांबा! राहू द्या पेढे. गहू सोंगा."

बाया वळल्या. आपापल्या ओळीला बसल्या.

उकंडरावांना मात्र राहवलं नाही. "पन हरल्या तं हरल्याच तुम्ही."

सोजराबाईनं ओंब्यांची मूठ धरली, विळा ओढला. मान वर केली नाही.

"आम्ही कुठं हरलो, मालक? आमचं मत तं अजून कोनं घेतलंच नाई."