न्गाओची जर्सी

शवपेटीत ठेवायची जर्सी मुटिंडाने मांडीवर तिसऱ्यांदा उलगडली. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत ‘न्गाओ’. म्हणजे ढाल.

“घडी मोडशील,” शेजारी बसलेला बरासा म्हणाला. “आणि माप कुणाला विचारून घेतलंस?”

“सगळ्यात मोठं घेतलं. किल्ल्याचा दरवाजा एकटा अडवणारा माणूस काय चिपाड असणार?”

नैरोबीहून पहाटे सुटलेली मटाटू गाडी आता सियाया जिल्ह्याच्या लाल रस्त्यावर हाडं खिळखिळी करत होती. दोन वर्षं ही पाच जणांची टीम फोनवरच्या गेममध्ये किल्ले लढवत होती. चौघं नैरोबीचे, पाचवा न्गाओ कुठल्याशा गावचा. चौघं एकमेकांच्या कानात बोंबलत. न्गाओ मात्र नुसता टाइप करी. माइक बिघडलाय म्हणे. दोन वर्षं बिघडलेलाच.

टाइप केलेल्या स्वाहिलीत माणूस तो की ती, हे कळत नाही. बरासाने एकदा पैज लावली होती, ही पोरगी आहे. कॅप्टन मुटिंडा भडकला. त्याच्या टीमचा एकच नियम होता: पोरी नकोत. पोरी आल्या की लढाई राहते बाजूला आणि रुसवेफुगवे सुरू. मग न्गाओच्या नंबरावर दहा शिलिंग पाठवून पाहायचं ठरलं. पैसे पाठवताना मालकाचं नाव पडद्यावर येतंच. आलं: झाब्लोन ओउको अगोला. पैज संपली. बरासाने तिघांना चपाती आणि घेवडा खाऊ घातला.

गेल्या शनिवारी उपांत्य सामना होता. चार वाजून गेले आणि न्गाओ दरवाजात नुसता उभा राहिला. हालेना, वार करेना.

“हल ना!” मुटिंडा ओरडला होता. “पोरीसारखा काय थिजलास!”

सामना गेला. पाच दिवस न्गाओ फिरकला नाही, तेव्हा बरासाने फोन लावला. कुणा म्हाताऱ्याने उचलला.

“झाब्लोन आहे का?”

“झाब्लोन गेला रे बाबा. शनिवारी. परवा माती आहे.”

झाब्लोनच्या अंगणात मांडव होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि गावातले मोटरसायकलवाले हॉर्न वाजवून आपल्या माणसाला निरोप देत होते. झाब्लोनही भाड्याची मोटरसायकल चालवायचा.

“गिऱ्हाईक सोडून परत येत होता,” त्यातला एक म्हणाला. “सव्वाचारला ट्रकने उडवला.”

मुटिंडाने बरासाला मांडवामागे ओढलं.

“सव्वाचार. ऐकलंस? एका हातात हँडल, एका हातात फोन. आणि कानात मी.”

“गप रे. काहीही जोडत बसू नकोस.”

पण बरासानेही मनात वेळ लावून पाहिली. जुळत होती.

झाब्लोनच्या आईने दोघांचे हात धरले. “नैरोबीहून? माझ्या लेकासाठी?” रडता रडता ती मोजत होती, “सोलरचा दिवा त्याच्या नावावर, गाईचा कागद त्याच्या नावावर, घरातली सगळी सिमकार्डं त्याच्या नावावर. पोरा, आता मी कुणाचं नाव सांगू?”

जर्सी झाब्लोनच्या धाकट्या बहिणीने घेतली, अवुओरने. शाळा नुकतीच संपलेली, किडकिडीत पोरगी. तिने पाठीवरची अक्षरं वाचली. जर्सी स्वतःच्या अंगाला लावून पाहिली.

“खांद्याला चार बोटं जास्त आहे,” ती म्हणाली.

“त्याला आता काय सैल आणि काय तंग!” आई म्हणाली. “ठेव आत.”

अवुओरच्या हातून जर्सी सुटेना. शेवटी आईनेच ती हळूच काढून घेतली आणि लेकाच्या छातीवर पसरली.

माती झाल्यावर अवुओर चहा घेऊन आली.

“साखर तीन चमचे ना, कॅप्टन?”

मुटिंडाने कप घेतला. “एवढंही घरी सांगायचा?”

“घर लहान आहे. सगळं कानावर पडतं.”

“त्याचा फोन कुठाय?”

“न्गाओचा फोन माझ्याकडे आहे.”

मुटिंडाने कप खाली ठेवला. “बहिणी, तुला एक सांगतो, आईला सांगू नकोस. तो गाडीवर होता तेव्हा मी त्याच्या कानात ओरडत होतो. त्याचं लक्ष माझ्यामुळे गेलं.”

“काय ओरडलात?”

“पोरीसारखा काय थिजलास, म्हणालो.”

अवुओर त्याच्या कपात चमचा फिरवत राहिली.

“तू माफ केलंस तर त्याने केल्यासारखं होईल.”

मांडवात तिची आई शेजारणींना सांगत होती, “अख्ख्या नैरोबीत माझ्या झाब्लोनचा दरवाजा कुणी फोडला नाही! हे त्याचे मित्र सांगतात.” आठवड्यात पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता. अवुओरने तिकडे एकदा पाहिलं.

“चहा निवतोय,” ती म्हणाली आणि रिकामे कप उचलून गेली.

परतीच्या गाडीत सूर्य कलला होता. बरासा झोपेचं सोंग घेऊन बसला होता. मुटिंडाने ठरवून टाकलं होतं, पुन्हा खेळायचं नाही. त्याआधी एक काम उरलं होतं. त्याने गेम उघडला, टीमची यादी काढली आणि न्गाओचं नाव पुसायला बोट टेकवलं.

नावापुढे हिरवा ठिपका लागला.

“कॅप्टन, झाब्लोनला हा गेम उघडताही येत नव्हता,” अक्षरं उमटली. “शेजारी अपघाताचं सांगत धावत आले, म्हणून दरवाजा सोडला मी. पोरीसारखं म्हणालास, त्याचं नंतर बघू. आधी दुसरी जर्सी शिवायला टाक. खांद्याला चार बोटं कमी.”